गोदेर्झीची पाठ

तिबिलिसी, ता. ४ जून १९८४

ती. दादास,
त्सिउरीचा सा. न. वि. वि.

व्हालिको ड्रायव्हरच्या हाती दिलेलं खोकं आणि हे पत्र एकदमच मिळेल. खोकं उघडताना जपून. आत काचेच्या कुप्या आहेत. मी त्या गवतात गुंडाळल्यात, पण व्हालिकोची बस तुला माहीत आहे. त्याने मला आईच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलंय की खोकं मांडीवर ठेवून बस चालवेन. तो गाडी कशाने चालवणार हे मी विचारलं नाही.

आता कामाचं बोलते. अक्रोड झोडायला पंचावन्नाव्या वर्षी झाडावर चढलास, ते मी पुन्हा काढत नाही. ते वहिनी रोज काढत असेल. मणका जोडायला तुझ्या पाठीत दोन पोलादी कांबी घातल्या, त्या नीट बसल्या, हिवाळाभर सगळं सुरळीत होतं. ईस्टरपासून जखमेचं तोंड उघडून पू येतोय, तो त्या कांबींना चिकटून बसलेल्या जंतूंमुळे. तुझ्या पुवातला जंतू मी स्वतः बशीत वाढवला आणि आमच्या प्रयोगशाळेत आहेत तेवढी सगळी अँटिबायोटिक्स त्याच्यावर घालून पाहिली. दादा, तो एकालाही भीक घालत नाही. म्हणून इंजेक्शनं बंद केली. पाण्याचं इंजेक्शन टोचण्यासारखंच होतं ते.

सर्जनशी बोलले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. ऑगस्टअखेर पू थांबला नाही तर पाठ पुन्हा उघडून कांबी काढाव्या लागतील, कारण लोखंड आत आहे तोवर जंतूंना घर आहे. हाड अजून पुरतं जुळलेलं नाही. कांबी काढल्या तर प्लास्टरमध्ये कित्येक महिने उताणं पडायचं, आणि त्यानंतर ताठ उभा राहशील की नाही याची हमी ते देत नाहीत. तुझ्यापासून लपवून उपयोग नाही, तू मोठा आहेस.

पण मी अठरा वर्षं ज्या कामाचं मीठ खातेय ते काम आता घरच्या उपयोगी पडेल असं दिसतंय. कुप्यांत फाज आहेत. फाज म्हणजे जंतूंना खाऊन टाकणारे त्यांच्याहून बारीक जीव. माणसाला काही करत नाहीत, फक्त आपला ठरलेला जंतू शोधतात आणि फस्त करतात. सकाळ-संध्याकाळ एकेक कुपी रबरी नळीने जखमेत सोडायची. कशी ते मी वहिनीला इस्पितळात शिकवलं होतं. नर्स पिक्रिया आठवड्यातून दोनदा येऊन बघेल. शिवाय सकाळी आधी पेलाभर क्षाराचं पाणी पिऊन मग एक कुपी पोटात घ्यायची. कुप्या गारव्याला ठेव, आणि दारू अजिबात नाही, ते सर्जनने सांगितलंच आहे.

वहिनीला नमस्कार. उत्तर लगेच लिही, आणि माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
त्सिउरी

•

अखाशेनी, ता. १७ जून १९८४

चि. त्सिउरीस,
अनेक उ. आ.

खोकं पोहोचलं, एकही कुपी फुटली नाही. व्हालिकोने खरोखरच खोकं मांडीवर ठेवलं होतं, आपल्या नाही, गुर्जानीपर्यंत आलेल्या एका धिप्पाड म्हातारीच्या. तिला त्याने सांगितलं की यात बाँब आहे, हलू नका. ती बाई तशीच ताठ बसून आली म्हणे.

कुप्या तळघरात वाइनच्या रांजणांजवळच्या थंड दगडावर ठेवल्यात. आयुष्यात पहिल्यांदा तळघरात जाऊन मी वाइनऐवजी दुसरंच काही वर आणतो, म्हणजे दारेजान आणते, मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून मार्गदर्शन करतो. क्षाराचं पाणी पितो. औषधाची चव कोंबडीच्या फुळकवणी रश्श्यासारखी लागते. परवा तर सवयीने पेला उचलून पाहुण्यांना दीर्घायुष्य चिंतायला लागलो, मग लक्षात आलं की पाण्याने शुभ चिंतलं तर उलटं होतं, म्हणून तोंड मिटून प्यायलो.

सगळं तू सांगितल्याप्रमाणे चाललंय. दारेजान सकाळ-संध्याकाळ मला पालथं पाडते आणि नळी घालते. तिचा हात हलका आहे, जीभ मात्र अक्रोडाच्या झाडापासून हलत नाही. पू अजून तसाच आहे. काठीने अंगणापर्यंत जातो, वेलींच्या पहिल्या ओळीपर्यंत जातो आणि परत येतो.

प्लास्टरचं वाचलं. खरं सांगू, मरणाची मला तेवढी भीती नाही. छताकडे बघत पडायचं, आणि बायकोने भरवायचं, आणि शेजाऱ्यांनी माझ्या वेली छाटायच्या, त्याची आहे. शेजारी वेल कशी छाटतो तुला माहीत आहे. तर तुझे ते बारीक जीव कामाला लाव. ते कशापासून बनवता हे दारेजान विचारते. तिला सविस्तर लिही, तिला स्वयंपाक कळतो.

इकडे चेरी संपल्या, मुरंब्याच्या दोन बरण्या व्हालिकोकडे दिल्यात. एकच पोहोचली तर दुसरी कुठे गेली ते त्याच्या मिशीकडे बघून ओळख. आशीर्वाद आहेतच, तूही आठवण सोडू नकोस.

तुझा दादा,
गोदेर्झी

•

तिबिलिसी, ता. २ जुलै १९८४

प्रिय दारेजान वहिनीस,
सा. न. वि. वि.

एकच बरणी पोहोचली. मुरंबा अप्रतिम, आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी चाटून खाल्ला आणि बशी मी धुवायच्या आधी कुणीतरी पावाने पुसून ठेवली होती.

तू विचारलंस म्हणून लिहिते, आणि आनंदाची बातमीही त्यातच आहे. पहिल्या खोक्यातले फाज साठ्यातले होते. ते दादाच्या जंतूला खात होते, पण पोट भरलेल्या पाहुण्यासारखे, इकडून एक घास तिकडून एक घास. म्हणून आम्ही नवे शोधायला निघालो. फाज कुठे सापडतात, तर जिथे जंतू आहेत तिथेच. आमच्या इथली तमरा बादली आणि दोरी घेऊन म्त्क्वारीच्या काठी गेली, जिथे शहराचं मोठं गटार नदीत पडतं तिथे खाली उतरली आणि बादलीभर पाणी घेऊन आली. इस्पितळांचंही सगळं सांडपाणी तिथेच येतं, म्हणून ती जागा आमच्या दृष्टीने सोन्याची खाण आहे. वास असा की दोन दिवस तिच्याशेजारी कुणी जेवायला बसलं नाही.

ते पाणी गाळलं, पुन्हा गाळलं, आणि दादाच्या जंतूवर टाकलं. वहिनी, दुसऱ्या दिवशी सकाळी बशी उघडली आणि मी जागच्या जागी बसले. जंतूंनी बशी दुधाच्या सायीसारखी भरते, ती सगळी साय जाऊन काच लख्ख दिसत होती. असा भुकेला फाज मी नोकरीत दोनदाच पाहिलाय. तो आता वाढवून, स्वच्छ करून नव्या कुप्यांत भरलाय. जुन्या कुप्या फेकून दे, आजपासून या वापर. गटारातल्या त्या बादलीने दादाच्या कांबी वाचणार आहेत हे मी लिहून देते.

तुझ्या हाताला यश आहे. दादावर तर तू लक्ष ठेवतेसच, मलाही त्यातलं थोडं दे.

तुझी नणंद,
त्सिउरी

•

अखाशेनी, ता. १२ जुलै १९८४

प्रिय वन्संना,
दारेजानचा स. न. वि. वि.

पत्र मिळालं, नवं खोकंही मिळालं. तू एवढं शिकलीस, दादासाठी एवढा जीव टाकतेस, म्हणून मी काही बोलत नाही. पण माझ्या माहेरी कुणी पाहुण्याला पाणी दिलं तर आधी कोणत्या झऱ्याचं ते सांगायचे, आणि तू माझ्या नवऱ्याच्या पाठीत घालायला कुठलं पाणी दिलंय ते मी शेजारणीलाही सांगू शकत नाही. पत्र वाचून दाखवताना गटाराचा भाग मी गाळला होता. पण तुझा दादा बिलंदर, त्याने पत्र मागून घेतलं आणि पोट धरून हसला. हसताना पाठीत कळ आली, बरं झालं.

तू म्हणतेस स्वच्छ केलंय, तर केलं असेल. माझा तुझ्यावर विश्वास आहे, तमराच्या बादलीवर नाही. तरी एक वेळही चुकवलेली नाही. तू शिकवलंस तशी नळी घालते, कुपी सोडते, तो पालथा पडून वेलींच्या ओळी मोजतो. बाकी आमच्या घरची स्वच्छता मी माझ्या परीने पाळते, त्याची तू काळजी करू नकोस. तुझी आई असती तर तिनेही तेच केलं असतं.

मी हे पत्र रागाने लिहिलेलं नाही. मला तो उभा हवा आहे, बास. लग्नात तो एवढा उंच होता की माझा भाऊ म्हणाला होता, शिडी लावून बोलावं लागेल. आता वाकून काठीवर चालतो तेव्हा माझ्याच उंचीचा होतो, ते मला बघवत नाही.

मुरंब्याच्या तीन बरण्या पाठवतेय, व्हालिकोला सांगितलंय की तिन्ही मोजून घेणार आहेस. रागावली असलीस तरी नातं सैल करू नकोस.

तुझी,
दारेजान

•

तिबिलिसी, ता. ३० जुलै १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी अजून जेवलेली नाही, म्हणून हे पत्र थोडं कडू होईल, सांभाळून घे. पिक्रियाने पाठवलेले तुझ्या जखमेचे नमुने आले. जंतू तेवढेच आहेत. रती कमी नाही. मला वाटलं, जंतू बदलला असेल, फाजला चुकवायला शिकला असेल, तसं होतं कधीकधी. म्हणून त्याच नमुन्यातला जंतू पुन्हा बशीत वाढवला आणि तोच फाज टाकला. बशी लख्ख. म्हणजे माझ्यासमोर तो निमूट मरतो आणि तुझ्या पाठीत मजेत राहतो.

दुसरी गोष्ट मला जास्त छळतेय. जिथे खायला जंतू आहे तिथे फाज वाढतात, एकाचे शंभर होतात. तुझ्या पाठीत मी महिनाभर रोज कोट्यवधी सोडतेय, आणि नमुन्यात शोधून एकही जिवंत सापडला नाही. एवढी फौज गेली कुठे? कुप्या उन्हात राहिल्या का? व्हालिकोने खोकं इंजिनावर ठेवलं होतं का? वहिनी नळी पुरती आत घालते ना? जखमेवर आणखी काही लावता का, आयोडीन, मलम, लाल पाणी, कुणाच्या आजीचा पाला? कुठलंही औषध असेल तर खरं सांग, मी रागावणार नाही.

सर्जनना आज भेटले. त्यांनी तीन सप्टेंबरला तुझी खाट राखून ठेवली आहे. मी म्हटलं, थोडं थांबा. ते म्हणाले, किती थांबायचं ते तुम्हीच सांगा, तुमचं औषध तुमच्या बशीत चालतं, माझा रोगी बशीत राहत नाही. जिन्यातून उतरताना मी रडले, ते वहिनीला सांगू नकोस.

उत्तर व्हालिकोच्याच हाती पाठव, पोस्टाची वाट बघू नकोस. तुझ्या मायेची आत्ता फार गरज आहे.

तुझी,
त्सिउरी

•

अखाशेनी, ता. ९ ऑगस्ट १९८४

चि. त्सिउरीस,
अनेक उ. आ.

रडू नकोस. तू लहानपणी रडायचीस तेव्हा नाक लाल व्हायचं आणि आम्ही पोरं चेरी म्हणून चिडवायचो, आता डॉक्टरीणबाईंना चेरी म्हणणं बरं दिसत नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देतो. कुप्या तळघरातच आहेत, तिथे उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. व्हालिको खोकं स्वतःच्या भाकरीच्या पिशवीत ठेवतो, आणि ती पिशवी त्याला बायकोपेक्षा प्रिय आहे. नळी पुरती आत जाते, ते मी शपथेवर सांगतो, कारण पाठ माझी आहे. आयोडीन नाही, मलम नाही, लाल पाणी नाही. शेजारची म्हातारी कसलासा पाला घेऊन आली होती, दारेजानने तिला दारातून परत पाठवलं. तुझ्या औषधाशिवाय दुसरं कुठलंही औषध या पाठीला लागलेलं नाही.

मी खाटेचा विचार करून ठेवलाय. व्हायचं ते होईल. वेली पुतण्यांना वाटून दिल्या तर ते भांडतील, म्हणून सगळ्या दारेजानच्या नावे असू देत आणि ती सांगेल तसं करा. ती आतून खचली आहे. दिवसभर बडबडते आणि मग गोठ्याच्या दारात उगीच उभी राहते. माझं काय व्हायचं ते होवो, पण तिच्या सेवेत कसर होती असं कुणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. रोज संध्याकाळी औषध घातलं की ती चाचाने सगळं पुसून घेते, दोन वेळा गाळलेली जहाल चाचा, आपल्याच द्राक्षांच्या चोथ्याची दारू, तुझ्या लग्नातली उरलेली. बोळा भिजवून थोडा आतही सारते, सकाळीसुद्धा. म्हणते, वन्संच्या गटाराचा वास जाऊ दे. सुरुवातीला नुसतं वरून पुसायची, तुझं बादलीचं पत्र आल्यापासून हात सढळ झालाय. झणझणतं जरा, पण मी तक्रार करत नाही. त्रास एकच, दारूबंदी असलेल्या माणसाच्या पाठीत पेलाभर चाचा ओतायची आणि तोंडाला थेंब नाही. असा छळ तुर्कांनीही केला नसता.

तर काळजी करू नकोस, जेवत जा. मी आहे तोवर माझी माया आहे आणि नंतरही कुठे जात नाही.

तुझा दादा,
गोदेर्झी

•

तिबिलिसी, ता. १३ ऑगस्ट १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकट्याने वाच. व्हालिकोला सांगितलंय, तुझ्याच हातात द्यायचं.

चाचा. दादा, मी तुला विचारलं होतं की आणखी काही लावता का, आणि तू शपथेवर सांगितलंस, काही नाही. तू खोटं बोलला नाहीस, तेच तर दुःख आहे. आपल्याकडे चाचा हे औषध कुठे असतं. गुडघा फुटला, चाचा. दात दुखला, चाचा. बाळाला ताप आला की तळपायाला चाचा, खिडकीची काच पुसायची तरी चाचा. चाचा म्हणजे पाणी, ते कोण सांगत बसतं. मी त्याच घरात वाढले, मला आयोडीन आठवलं, पाला आठवला, आणि चाचा आठवली नाही. गंमत बघ, इथे लोकांना मी हेच शिकवते की फाज नाजूक असतो, कडक दारूने मरतो. माझी फौज रोज तुझ्या पाठीत उतरत होती आणि मागून वहिनी तिची कत्तल करत होती. जंतू मात्र कांबींना घट्ट चिकटून खाली सुरक्षित होते, चाचा तिथवर पोहोचतच नव्हती.

आज संध्याकाळपासून चाचा बंद. एक थेंबही नाही. जखम उकळून कोमट केलेल्या पाण्याने बाहेरून पुसायची, आत फक्त फाज. सर्जनना मी सांगितलं की पहिला साठा कमजोर निघाला, नव्याला वेळ द्या. त्यांनी खाट द्राक्षतोडणीनंतरची करून दिली. त्यापुढे मात्र एक दिवस नाही म्हणाले.

आता वहिनी. तिला हे कसं सांगायचं ते तूच ठरव, पण तिला दोष देऊ नकोस. दोष द्यायचाच तर मला दे. त्या बादलीची बढाई मी मारली नसती तर तिचा हात सढळ झाला नसता. तिने नवऱ्याच्या पाठीत गटार जाऊ नये म्हणून ते केलं. मी तिच्या जागी असते तर मीही केलं असतं. पण तिला कळलं की तिच्या हाताने तुझी पाठ जवळजवळ गेली होती, तर ती ते आयुष्यभर उराशी धरेल. तू तिला ओळखतोस.

माझी माया तुम्हा दोघांवर सारखी आहे, तू मला तेवढीच परत दे.

तुझी,
त्सिउरी

•

अखाशेनी, ता. २८ ऑगस्ट १९८४

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुझ्या दादाचं डोकं फिरलंय, तुला कळवणं माझं कर्तव्य आहे. पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी मी बोळा भिजवायला घेतला तर हा पालथा पडल्या पडल्या ओरडला, चाचा लावायची नाही. का, तर म्हणे त्याने अलाव्हेर्दीच्या संत जॉर्जला नवस बोललाय, जत्रेपर्यंत अंगाला चाचा लावू देणार नाही. मी विचारलं, कधी बोललास. म्हणे, दुपारी. मी म्हटलं, दुपारी तू घोरत होतास. म्हणे, घोरण्याआधी.

वन्सं, हा माणूस त्या देवळात फक्त मेंढ्याचं मटण खायला गेलाय. पहिल्यांदा आम्ही जोडीने गेलो तेव्हा याने मेणबत्ती उलटी लावली होती. आणि आता नवस. मी म्हटलं, संत जॉर्जला तुझी पाठ कशाला हवी. तर तोंड उशीत घालून म्हणतो, देवाच्या कामात बायकांनी पडू नये. मी बोळा त्याच्या अंगावर फेकला. पण नवस तो नवस, मोडून काही झालं तर माझ्या डोक्यावर. म्हणून नुसत्या उकळलेल्या पाण्याने पुसते.

एक मात्र सांगायचंय. पू कमी झालाय. मला वाटलं, भ्रम असेल, म्हणून चार दिवस लिहिलं नाही. काल पट्टी काढली तर मधे रुबलाच्या नाण्याएवढाच डाग, बाकी कोरडी. पिक्रिया येऊन बघून गेली. आधी चहा प्यायलीच नाही, मग परत आली आणि प्यायली. नमुना घेतलाय, सोबत पाठवतेय.

संत जॉर्जचं असो की तमराच्या बादलीचं, मी कुणालाही श्रेय द्यायला तयार आहे. पण अजून कुणाशी बोलू नकोस, दृष्ट लागेल. आणि माझ्यावरची माया कमी केली असशील तर पुन्हा पूर्ववत कर.

तुझी,
दारेजान

•

तिबिलिसी, ता. १६ सप्टेंबर १९८४

ती. दादास व सौ. वहिनीस,
दोघांना एकच सा. न. वि. वि., मला धीर नाही.

मागच्या नमुन्यात फाज जिवंत होते, शेकड्याने, आणि जंतू मोजके उरले होते. कालच्या नमुन्यात मला जंतू सापडला नाही. तमराने पाहिलं, तिलाही सापडला नाही. आमच्या प्रमुख बाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, मुली, घरी जा आणि झोप.

दादा, तोडणीला सुरुवात व्हायच्या आत एकदा इकडे येऊन जा. सर्जनना एक्स-रे हवाय. व्हालिकोच्या शेजारची जागा तुझ्यासाठी राखली आहे, तो म्हणतो खड्डे चुकवेन, पण तू उशी घेऊन ये. वहिनी, तू बरोबर ये. तुझ्यासाठी मी स्वतः स्वयंपाक करणार आहे, म्हणून येताना खायला घेऊन ये.

मायेचं वेगळं मागत नाही, ती घेऊनच या.

तुमची,
त्सिउरी

•

अखाशेनी, ता. ७ ऑक्टोबर १९८४

चि. त्सिउरीस,
अनेक उ. आ.

सुखरूप पोहोचलो. व्हालिकोने एकही खड्डा चुकवला नाही, पण कांबी जागच्या हलल्या नाहीत. हाड जुळलंय, लोखंड आत राहू दे, खाट दुसऱ्या कुणाला देतो, हे सर्जनचं वाक्य मी वाटेत सगळ्या बसला सांगितलं, गुर्जानीनंतर चढलेल्यांना पुन्हा सांगितलं.

काल तोडणी सुरू झाली. मला कुणी करंडी उचलू दिली नाही, म्हणून मी ओळींच्या टोकाला उभा राहून सगळ्यांच्या चुका काढल्या. काठी नव्हती. संध्याकाळी जेवणाच्या मेजाशी पहिला शब्द माझाच होता. सर्जनने परवानगी दिली तेवढीच, एक पेला, घेतला. गेलेल्यांच्या नावाने उभं राहून बोललो, आणि मग तुझ्या नावाने आणि त्या तमराच्या नावाने बोललो, आणि बसायचं विसरलोच.

एक गोष्ट फक्त तुला. तू म्हणालीस तसं दारेजानला काही कळू दिलेलं नाही. तिला नवस अजून खरा वाटतो, जत्रेला तिने मेंढा द्यायला लावला, तोही मी दिला. मी एवढ्या सफाईने खोटं बोलू शकतो हे मला या वयात कळलं. हे गुपित तुझ्या-माझ्यात राहू दे, आणि लोभ जसा आहे तसा असू दे, वाढला तरी चालेल.

तुझा दादा,
गोदेर्झी

•

अखाशेनी, ता. ९ ऑक्टोबर १९८४

प्रिय त्सिउरी,
आज वन्सं नाही म्हणत. अ. आ.

तोडणीच्या घाईत लिहितेय, हात चिकट आहेत, कागदाला डाग पडतील. द्राक्षं यंदा गोड आहेत.

जखम पूर्ण मिटली. बोटभर लांबीची गुलाबी रेघ राहिली आहे. काल त्याची शेवटची पट्टी काढली आणि चुलीत टाकली.

तुझ्या दादाने तुला लिहिलं असेल की दारेजानला काही माहीत नाही. तो तळघराच्या वरच्या पायरीवर बसून जीभ बाहेर काढून लिहीत होता, म्हणजे गुपित असणार. त्सिउरी, मला सगळं माहीत आहे. ऑगस्टमध्ये पिक्रिया नमुना घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली, ते चहासाठी नव्हे. कपाटावरची चाचाची बाटली तिने पाहिली होती. तिने विचारलं, यातली जखमेत घालतेस का. मी म्हटलं, पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत घालत होते, आता याचा नवस आहे. ती म्हणाली, मग देवाने वाचवलं, कडक दारूने ते औषध मरतं. चहा पिऊन ती निघून गेली, आणि मी तिथेच बसले. मग मला नवस कळला, घोरण्याआधीचा. त्याच दिवशी बसून मी तुला ते थट्टेचं पत्र लिहिलं. मला कळलंय हे तुलाही कळू द्यायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याला पालथं पाडून पाठ पुसत होते. पाठीचं एक बरं असतं, मागे कोण काय करतंय ते माणसाला दिसत नाही. मी रडत होते आणि पुसत होते. या हातांनी मी रोज त्याला थोडं थोडं त्या प्लास्टरकडे ढकलत होते, आणि तो झणझणलं तरी बोलत नव्हता, कारण मी करतेय. त्याने विचारलं, हात का थांबतोय. मी म्हटलं, पाणी भाजतंय. तो म्हणाला, मग थंड होऊ दे, मला कुठे जायचंय.

तीस वर्षांच्या संसारात तो माझ्याशी पुष्कळ खोटं बोललाय, कुठे प्यायला, किती प्यायला, कुणाबरोबर प्यायला, आणि एकदाही ते टिकलं नाही. हे एकच खोटं तो माझ्यासाठी बोलला. मेंढासुद्धा दिला. त्याला वाटतं त्याने मला मोठ्या दुःखातून वाचवलं, आणि ओळींच्या टोकाला उभा राहून त्याचं तो मनात कौतुक करतो, ते मला इथून दिसतं. तो पुन्हा माझ्यापेक्षा उंच झालाय.

त्याला सांगू नकोस. पत्र वाचून जाळून टाक. आणि मला दोष देऊ नये म्हणून तू त्याला बजावलं असशील, तू नक्की बजावलं असशील, त्याबद्दल मी तुझं देणं लागते, ते मायेनेच फेडीन.

तुझीच,
दारेजान